गॅस, हॉब की इंडक्शन? दुकानात जायच्या आधी घरातली भांडी बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात रीडेव्हलपमेंटचं घर हातात येतंय, किचन आठ बाय सातचं, घरात पाच माणसं, सासूबाई रोज भाकरी करतात, तुम्हाला डबे भरून आठच्या आत निघायचं असतं, इंटिरियरवाला म्हणतो चार बर्नरचा हॉब, म्हणजे ओटा कापून त्यात बसवायची शेगडी, बसवा आणि मिस्टर म्हणतात गॅस नकोच, सगळं इंडक्शनवर करू. पाइप गॅसची लाइन बिल्डिंगमध्ये आलीये पण कनेक्शन चालू होईपर्यंत सिलिंडरच वापरायचाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ओट्यावर ठेवायची साधी शेगडी घ्या, पितळी बर्नरची, दोन किंवा तीन बर्नर, आणि जोडीला एक २००० वॅटचं इंडक्शन, त्याला स्वतंत्र पॉइंट. हॉब तुमच्या किचनला नको आणि फक्त इंडक्शनवर तुमचं घर चालणार नाही. मी शेगड्या-हॉब बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, लालबाग-परळच्या चाळींपासून पवईच्या टॉवरपर्यंत किचनं बघितलीत, त्यावरून बोलतोय.

लोक दुकानात जाऊन काच बघतात, रंग बघतात, बर्नर मोजतात. खरं बघायचं असतं ते घरातल्या भांड्यांच्या रॅकमध्ये आणि रोजच्या स्वयंपाकात. तुमच्याकडे आठवड्यात काय काय थेट जाळावर भाजलं जातं ते आधी आठवा. भाकरी तव्यावरून काढून विस्तवावर फुगवायची, भरताचं वांगं, पापड, सुके बोंबील, वाटणासाठी खोबऱ्याची वाटी नि अख्खा कांदा भाजायचा, यातलं एकही काम इंडक्शनवर होत नाही कारण तिथे जाळच नाही. खोबरं-कांदा तव्यावर परतून वाटण होतं, नाही असं नाही, पण विस्तवावर भाजल्याचा तो वास येत नाही आणि ज्यांना तो हवा असतो त्यांना फरक पहिल्या घासाला कळतो. घडीच्या पोळीची गोष्ट वेगळी, ती तव्यावरच फुगते त्यामुळे इंडक्शनवर जमते, फुलके मात्र नाही. भाकरी तव्यावरच कापडाने दाबून फुगवणाऱ्या बायका मी बघितल्यात, जमतं, पण पाच माणसांच्या भाकऱ्या रोज तशा करायला वेळ जातो आणि ज्यांचा हात जाळावर बसलाय त्यांना या वयात पद्धत बदला म्हणणं मला बरोबर वाटत नाही. तुमच्या घरात गॅस हवाच तो एवढ्यासाठी.

आता भांडी. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज फिरते, त्याने भांड्याच्या बुडातच करंट तयार होतो आणि बूड स्वतः तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. फ्रिजवरचा एखादा मॅग्नेट घ्या आणि घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा. लोखंडी तवा, बिडाची कढई, एनॅमलची भांडी, चालतात. अॅल्युमिनियमचे टोप, हिंडालियमची कढई, जुना कुकर, तांब्या-पितळेची भांडी, मातीची हंडी, हे काहीही चालत नाही. स्टीलचा भरवसा नाही, काहींना चुंबक चिकटतो काहींना नाही, नुसतं स्टील आहे म्हणून चालेल असं धरू नका. मोदकपात्र तपासायला विसरू नका, बऱ्याच घरातलं अॅल्युमिनियमचंच असतं आणि ते कळतं थेट गणपतीत. आणि फोडणीची छोटी कढली किंवा पळी, तिचं बूड इतकं लहान असतं की लोखंडाची असली तरी बहुतेक इंडक्शन तिला भांडं म्हणून ओळखतच नाहीत, साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बूड असेल तर हा त्रास येतो. वरणावर वरून फोडणी द्यायची तर गॅस लागतोच.

गोल बुडाची कढई पण नाही चालत, मधला पैशाएवढा भाग तेवढा टेकतो. शिवाय स्वस्त इंडक्शनमध्ये आतलं वेटोळं वरच्या छापलेल्या गोलापेक्षा लहान असतं, त्यामुळे मोठ्या तव्याचा मध्य करपतो आणि कडा थंड राहते, पोळ्या डागाळ पण कच्च्या. दुकानात शक्य असेल तर पाण्याचं पसरट भांडं ठेवायला सांगा, बुडबुडे केवढ्या गोलात येतात बघा, तेवढंच वेटोळं.

एवढं ऐकून वाटेल की मी इंडक्शनच्या विरोधात आहे. अजिबात नाही. कुकर, दूध, चहा, वरण, पालेभाजी उकडणं, इडल्या, उकड, या कामाला इंडक्शनसारखं दुसरं काही नाही. शेगडीच्या मोठ्या बर्नरपेक्षा २००० वॅटचं इंडक्शन पाणी लवकर उकळतं कारण गॅसची जवळपास चाळीस टक्के उष्णता भांड्याच्या बाजूने हवेत जाते आणि ती हवा म्हणजे तुमचं आठ बाय सातचं किचन. मे महिन्यात ओट्याशी उभं राहणाऱ्या माणसाला हा फरक विचारा. दुधाला टायमर लावून आंघोळीला जाता येतं, बंद झालं की आच लगेच थांबते. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड नि थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, छोट्या बंद किचनमध्ये तो साचतो, घरात कोणाला दमा असेल तर उकळण्याची कामं इंडक्शनवर ढकलणं हा खरा फायदा आहे. आणि गॅसवर काहीही चाललं असेल तेव्हा एक्झॉस्ट किंवा चिमणी चालू, खिडकी उघडी, फोडणी असो की नुसता चहा.

फक्त मंद आचेचं बघून घ्या. स्वस्त इंडक्शनला ३०० वॅटवर ठेवलं की ते खरं ३०० वर चालत नाही, काही सेकंद जोरात चालतं नि काही सेकंद बंद, त्यामुळे खीर, बासुंदी, पाक असले नाजूक पदार्थ तळाला लागतात. जाड बुडाचं भांडं घेतलं की हे बरंच कमी होतं. कुकर ठेवताना पहिली शिट्टी येईपर्यंत मोठ्यावर आणि मग ६००-८०० वर आणायचा. पातळ बुडाचा तवा रिकामा २००० वर ठेवू नका, बूड फुगतं आणि मग तो काचेवर कधीच सपाट बसत नाही.

अजून एक, घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारूनच इंडक्शन घ्या आणि चालू असताना दोन फूट तरी लांब उभं राहायचं.

आता खर्च, यात लोक फार फसतात कारण सिलिंडरचा भाव आणि वीजबिल यांची तुलना सरळ करता येत नाही. मी असा हिशोब करतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेएवढी उष्णता असते, शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्यात जाते असं धरा, इंडक्शनवर ८५ टक्के जाते, म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशे-एकशेतीस युनिट लागतील. सिलिंडरच्या भावाला १२५ ने भागा. समजा सिलिंडर ९०० ला पडला तर उत्तर आलं ७ रुपये २० पैसे. तुमची वीज त्याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. पाइप गॅसला पण असंच, गॅस मीटरवरचं एक युनिट (एक घनमीटर गॅस) म्हणजे इंडक्शनवर साधारण साडेसहा-सात युनिट वीज.

पण विजेचा कुठला दर धरायचा हे महत्त्वाचं. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असं करू नका. मुंबईत बेस्ट असो, अदानी असो की टाटा, घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो, पहिली १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत वेगळा दर, पुढे ५०० पर्यंत अजून जास्त. इंडक्शनची युनिटं तुमच्या आत्ताच्या वापराच्या वर चढणार, म्हणजे ती तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात मोजली जाणार. दोन माणसांचं घर, एसी नाही, महिन्याला ऐंशी युनिट, त्यांना इंडक्शन स्वस्त पडू शकतं. तुमच्याकडे पाच माणसं, एसी, गीझर, तुम्ही वरच्या टप्प्यात असणार. बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात, त्यात प्रत्येक युनिटमागचा वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचे पैसे) वगैरे पण मिळवा, आणि मग मिस्टरांना तो आकडा दाखवा.

मुंबईत वीज जात नाही असं म्हणतात, बऱ्याच अंशी खरंय, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला सगळी मुंबई बंद पडली होती, काही भागात तर वीज यायला कितीतरी तास लागले. रोजच्या निर्णयासाठी मी हे कारण मोठं धरत नाही, तरी एकाच गोष्टीवर सगळा स्वयंपाक टाकू नये एवढं नक्की.

विजेच्या इन्फ्रारेड शेगडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण दुकानदार दाखवणारच. त्यात आत कॉइल लालबुंद होते आणि काच तापते, म्हणून कुठलंही भांडं चालतं, जाळी ठेवून पापडही भाजतात. पण तापायला वेळ, बंद केल्यावर काच बराच वेळ चटका देणारी, आणि वीज इंडक्शनपेक्षा जास्त. घरात लहान मूल असेल तर मी नको म्हणेन. ज्यांची सगळी भांडी अॅल्युमिनियमची आहेत आणि भाड्याच्या खोलीत गॅस नाहीये त्यांच्यासाठी ठीक.

हॉबकडे येतो. हॉब दिसायला छान, पुसायला सोपा वाटतो, ओट्यात बसतो. चांगल्या हॉबमध्ये एक खरी मोलाची गोष्ट असते ती म्हणजे फ्लेम फेल्युअर डिव्हाइस, बर्नरजवळ एक छोटी दांडी असते, जाळ विझला की ती थंड होते आणि गॅस आपोआप बंद. उतू गेलेल्या दुधाने किंवा वाऱ्याने गॅस विझून घरभर पसरतो तो प्रकार यात टळतो. विसराळू वयस्कर माणूस एकटा स्वयंपाक करत असेल त्या घरात मी हे असलेलंच घ्या असं सांगतो. आता काही ओट्यावरच्या शेगड्यांमध्येही हे मिळतं, विचारून घ्या.

मग तुम्हाला नको का म्हणतो? पहिलं, जागा. साठ सेंटीमीटरच्या चार बर्नरच्या हॉबवर आपली भांडी चार मावत नाहीत. कुकर, भाकरीचा तवा आणि भाजीची कढई ठेवली की चौथ्या बर्नरवर वाटीसुद्धा बसत नाही, मागच्या बर्नरपर्यंत हात न्यायचा तर पुढच्या जाळावरून न्यावा लागतो, त्यात साडीचा पदर नाहीतर गाऊनची बाही. दुसरं, ओट्याचा ग्रॅनाइट त्या मॉडेलच्या मापाने कापतात. आठ-दहा वर्षांनी हॉब बदलायचा झाला तर ते माप दुसऱ्या कंपनीत मिळेलच असं नाही, मग एकतर ग्रॅनाइट अजून कापा नाहीतर पट्टी लावून झाका. तिसरं, सर्व्हिस. शेगडी उलटी केली, पाच मिनिटांत कॉकला ग्रीस लावलं, जेट, म्हणजे गॅस येतो ते बारीक भोकाचं नोझल, साफ केला. हॉब वर काढायचा, खालची ट्रॉली रिकामी करायची, आणि पार्ट मिळाला नाही तर तितके दिवस घर बंद. चौथं जास्त गंभीर आहे, हॉबखालच्या बंद कपाटात सिलिंडर ठेवतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर खाली साचतो. ज्या कपाटात सिलिंडर आहे त्याच्या दाराला तळाशी जाळी हवीच, आणि इंटिरियरवाले दिसायला बरं नाही म्हणून ती करत नाहीत. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, त्याच्यासाठी किचनला छताजवळ वाट हवी, वरची झडप काचेने कायमची बंद करून टाकू नका.

मोठं किचन असेल, ओटा लांब असेल, पाइप गॅस चालू असेल तर हॉब जरूर घ्या, नव्वद सेंटीमीटरचा, तीन बर्नरचा. तेव्हा त्याचा अजून एक फायदा मिळतो, उंची. शेगडी ओट्यावर चार-पाच इंच वर येते, हॉब दीड-दोन इंच. उंची कमी असलेल्या बाईला ३४ इंचाच्या ओट्यावर शेगडी, शेगडीवर कुकर, म्हणजे खांदे वर करून ढवळावं लागतं. तुमचा ओटा अजून बसायचाय ना, मग सासूबाईंना उभं करा, कोपर वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची घ्या, तव्याची पातळी त्याच्या चार-पाच इंच खाली आली पाहिजे, त्यातून शेगडीची उंची वजा करा, तो ओटा. एवढं एक माप घेतलं तर पाठ आणि खांदे वर्षानुवर्षं वाचतात आणि याला एक रुपया जास्त लागत नाही.

शेगडी घेताना बर्नरच्या संख्येपेक्षा दोन बर्नरमधलं अंतर टेपने मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. तुमच्या सगळ्यात मोठ्या तव्याचा अर्धा व्यास अधिक कुकरचा अर्धा व्यास अधिक एक इंच, एवढं अंतर हवं. तवा ३० सेंटीमीटर आणि कुकर २४ असेल तर साधारण ३० सेंटीमीटर. खूप तीन बर्नरच्या शेगड्या यात नापास होतात, मधला बर्नर नुसता शोभेचा राहतो. तसं असेल तर दोन बर्नरची रुंद शेगडी घ्या, तिसरं काम इंडक्शन करेलच.

काच की स्टील, यात माझा कल स्टीलकडे. काच टफन केलेली असते पण गरम काचेवर गार पाणी पडलं, किंवा मोठा टोप बर्नर झाकून तासभर राहिला आणि जाळ खाली दाबला गेला, तर ती एकदम बारीक तुकड्यांत फुटते. काच घेतलीत तर हे दोन नियम पाळा, बाकी ती पुसायला चांगली. स्टील घेतलंत तर जाड पत्रा, ३०४ ग्रेड विचारा. विक्रोळीला खाडी जवळ, वरळी-वर्सोव्याला समुद्र, खारी हवा हलक्या स्टीलला दोन पावसाळ्यात डाग पाडते. ऑटो इग्निशनचं मला फार कौतुक नाही, पावसाळ्यात दमटपणाने स्पार्क लागत नाही, लायटर घरात ठेवायचाच. बर्नर मात्र पितळी, जड, हातात घेऊन वजन बघा. आयएसआय मार्क आणि स्टार लेबल बघून घ्या.

आता तुमच्यासाठी खास गोष्ट. तुम्ही आधी सिलिंडर वापरणार आणि मग पाइप गॅस येणार, तर एकाच जेटवर दोन्ही चालत नाही. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबारने येतो, पाइप गॅस २१ च्या आसपास, शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत पाइप गॅसच्या अडीचपट उष्णता असते. म्हणून पाइप गॅसच्या जेटचं भोक मोठं. सिलिंडरचा जेट तसाच ठेवला तर पाइप गॅसवर जाळ मरतुकडा येतो आणि लोक म्हणतात महानगर गॅसला प्रेशर नाही. उलट केलं, पाइपचा जेट सिलिंडरवर, तर पिवळा मोठा जाळ, टोपांना काजळी, धोका. घेतानाच दोन्ही जेटचे सेट मागून घ्या, काही कंपन्या देतात. जेट बदलायचा, रस्त्यावरच्या कोणाकडून जुन्याच जेटला ड्रिल मारून घ्यायचं नाही, त्या भोकाचं माप अंदाजाचं असतं आणि वॉरंटी पण जाते.

सिलिंडरची नळी केशरी सुरक्षा नळीच घ्या, आत तारेची जाळी असते, उंदराने कुरतडली तरी लगेच भोक पडत नाही. पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवर असते.

आणि टाइल्स लागायच्या आधी इलेक्ट्रिशियनला एवढं सांगा: इंडक्शनसाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएमची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतःचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच), पक्कं अर्थिंग. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, मिक्सरच्या ६ अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर ते लावलं की सॉकेट वितळतो. जागा सिंकपासून लांब आणि शेगडीपासून निदान दीड फूट, शेगडीची गरम हवा इंडक्शनच्या पंख्यात ओढली गेली तर ते तापून बंद पडत राहतं. भिंतीला चिकटवूनही ठेवू नका, मागे चार बोटं जागा, आणि रात्री स्विच बंद करून खालची जाळी पुसून ठेवा, उबेला झुरळं आत जातात आणि बोर्ड शॉर्ट करतात, माझ्याकडे येणारी किती तरी इंडक्शनं याच कारणाने बंद पडलेली असतात.

सॉकेट, ओट्याची उंची, वरची झडप, हे तिन्ही बिल्डर ताबा देण्याआधी सांगितलं तर काम फुकटात किंवा थोडक्यात होतं, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात. शेगडी कधीही घेता येईल, त्यासाठी घाई करू नका, सासूबाईंना दुकानात घेऊन जा आणि भाकरीचा तवा सोबत न्या.